टोळ्यांची यादी द्या : कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, संचालक मंडळ, कार्यकारी संचालक आणि मुख्य शेती अधिकारी,
कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखाने

स. न. वि. वि.

या दिवसांत तुमच्याकडे येणारी पत्रं बहुतेक दराची असतात. पहिली उचल किती, मागचा फरक कधी, काट्यावर विश्वास कसा ठेवायचा. जयसिंगपूरची ऊस परिषद झाली की महिनाभर जिल्ह्यात दुसरा विषय नसतो, आणि तो तसा असण्यात गैर काही नाही. आमच्या घरचाही ऊस आहे, सासऱ्यांच्या नावावर शेअर आहे, सवलतीची साखर आमच्याही डब्यात येते. पण मी शिरोळ तालुक्यात दवाखाना चालवते आणि मला तुमच्याकडून दर नको आहे. मला ऊस तोडायला बाहेरगावाहून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांची यादी हवी आहे. तुमच्याकडे ती आहे, आणि तुमच्याशिवाय कुणाकडेच नाही.

कुठल्या मुकादमाची (मजूर आणणाऱ्या ठेकेदाराची) टोळी कुठल्या गावच्या माळावर उतरली, तीत कोयते (तोडणाऱ्या जोड्या) किती, आज कुठल्या गटातला उसाचा फड तुटतोय, उद्या कुठला, हे तुमच्या शेती खात्याला रोजच्या रोज ठाऊक असतं. ठाऊक नसेल तर कारखान्यात ऊस टाकायची गव्हाण रिकामी पडेल. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला मात्र टोळी आल्याचं कळतं ते एखादं मूल धापा टाकत दारात आल्यावर, तेही कळलं तर. आशाताईच्या नोंदवहीत गावातली घरं असतात, माळावरच्या खोपी, मजुरांच्या झोपड्या, नसतात. आणि जी माणसं वहीत नाहीत, त्यांच्यापर्यंत लस पोचत नाही, औषध पोचत नाही, कुणी विचारायलाही जात नाही.

मी बोलतेय ते छातीच्या संसर्गाबद्दल. न्यूमोनिया, क्षयरोग, डांग्या खोकला, घटसर्प: हे सगळे जिवाणूंचे आजार. न्यूमोनिया विषाणूंमुळेही होतो, पण लहान मुलांना गंभीर करणाऱ्यांत न्यूमोकोकस हा जिवाणू अग्रभागी. तो बाहेरून कुठून येतो असं नाही, कितीतरी धडधाकट मुलांच्या नाका-घशात तो मुक्कामाला असतोच. साधी सर्दी किंवा फ्लू होऊन गेला, धुरानं श्वासनळीचं अस्तर हुळहुळं झालं, मूल आधीच कुपोषित असलं, की तो खाली फुप्फुसात उतरतो. आता खोपी डोळ्यांसमोर आणा. पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांचं, छप्पर, आत वाकून शिरायचं, आतच किंवा दाराशी तीन दगडांची चूल, ओली लाकडं आणि पाचट. पहाटे तीनला आई भाकरी थापते तेव्हा सगळा धूर आत कोंडतो. बाहेर पंचगंगाकाठचा नोव्हेंबर-डिसेंबरचा गारठा. न्यूमोनियाला याहून सोयीची जागा मिळायची नाही.

न्यूमोनिया ओळखायला मोठं यंत्र लागतं, हा समज आधी काढून टाकू. मूल शांत असताना आईच्या मांडीवर झोपवायचं, झबलं वर करायचं आणि पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेलं चालत नाही, कारण तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही. दहा झटपट घेईल आणि मग क्षणभर थांबेल. मूल रडत असेल तर आकडा खोटा येतो, दूध पाजून पुन्हा मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले तर तो वेगवान श्वास. खोकला आणि वेगवान श्वास म्हणजे न्यूमोनिया असल्याचं धरून उपचार सुरू करायचे. ही जागतिक आरोग्य संघटनेची रीत आहे आणि सरकारच्या बालन्यूमोनियाविरुद्धच्या ‘सांस’ मोहिमेतही, जी नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, हीच रीत आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र घरच्या उपचारांवर ठेवायचं नाही, थेट रुग्णालय.

मोजताना आणखी एक गोष्ट दिसते. श्वास आत घेताना छाती फुगायला हवी, पण आजारी मुलात छातीचा खालचा भाग आत ओढला जातो. टोळीतल्या बायका याला ‘पोट उडतंय’ म्हणतात आणि त्यांची नजर बहुतेक वेळा बरोबर असते. मूल अंगावर पीत नसेल, प्यायलेलं सगळं उलटत असेल, झटके आले असतील, हाक मारूनही डोळे उघडत नसेल, तर मिनिटं मोजत बसायचं नाही, गाडी काढायची. कोविडच्या दिवसांत घेतलेले ऑक्सिमीटर तुमच्या दवाखान्याच्या ड्रॉवरमध्ये असतीलच. बोटाला लावून ९० च्या खाली आकडा आला तर त्या मुलाला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिमीटरला सेल घालून ठेवा म्हणजे झालं.

उपचारही महागडा नाही. नुसता वेगवान श्वास असेल तर अमॉक्सिसिलिनची पाण्यात विरघळणारी गोळी, वजनाच्या हिशेबानं, दिवसातून दोनदा, पाच दिवस. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. छाती ओढली जात असेल तर डॉक्टरनं बघायलाच हवं, आणि मघाशी सांगितलेली धोक्याची लक्षणं असतील तर इंजेक्शनातून औषध आणि ऑक्सिजन, म्हणजे ग्रामीण रुग्णालय किंवा सरळ कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय. आशाताईला पहिला डोस पाजून पुढं पाठवण्याचं शिक्षण या मोहिमेत दिलेलं आहे. मग अडतं कुठं?

अडतं खाड्यावर, म्हणजे बुडालेल्या दिवसावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांतलं एक दवाखान्यात गेलं की दुसऱ्याला मोळ्या बांधून गाडी भरता येत नाही. दिवस बुडतो, मुकादम खाडा धरतो, उचलीतून, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेतून, पैसे कापले जातात. उचल तर गावीच लग्नाला नाहीतर कर्जाला खर्चून झालेली. म्हणून मूल पहिल्या दिवशी येत नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी मेडिकलमधून खोकल्याचं औषध आणतं. तिसऱ्या दिवशी गावातल्या कुणाकडून तरी ‘एक सुई’ टोचून घेतली जाते. चौथ्या रात्री, फड तुटून गाडी काट्यावर गेल्यावर, मूल माझ्याकडे येतं.

मागच्या हंगामातलं एक मूल सांगते. दहा महिन्यांची मुलगी, रात्री नऊच्या पुढं ट्रॅक्टरच्या हेडवर बसून आई-बापाबरोबर आली. पायात चांदीचे वाळे, नाकपुड्या फुललेल्या, केसांत काजळी, कारण त्या दिवशी जळका ऊस तोडला होता. मोजले तर मिनिटाला ६८. ऑक्सिमीटर ८६. बापानं खिशातून एक पट्टी काढून दाखवली, मोठ्यांच्या अँटिबायोटिकची, दोन गोळ्या वापरलेल्या. मेडिकलवाल्यानं ‘अर्धी-अर्धी चुरून द्या’ सांगितलं होतं. मी लसीचं कार्ड विचारलं. आई म्हणाली, “कारड गावाकडं हाय, म्हातारीपाशी.” मुलगी वाचली, कोल्हापुरात आठवडाभर ठेवावी लागली. त्या आठवड्याचे खाडे कुणाच्या खाती पडले ते मी विचारलं नाही, पण आई तिसऱ्या दिवशी परत फडात गेली आणि मुलीजवळ सात वर्षांची बहीण बसली, एवढं मला वॉर्डातल्या सिस्टरनी सांगितलं.

कार्ड गावाकडं आहे. या एका वाक्यात माझ्या निम्म्या पत्राचा विषय आहे. न्यूमोकोकसविरुद्धची लस, पीसीव्ही, आपल्या सरकारी लसीकरणात २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर फुकट मिळते. खासगीत हिच्या एका डोसला हजारांनी पैसे जातात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं देशी लसही डिसेंबर २०२० मध्ये आणली. वेळापत्रक असं : दीड महिन्याला पहिला डोस, साडेतीन महिन्यांना दुसरा, नऊ महिन्यांना बूस्टर. आता दसऱ्याच्या सुमारास बीडला किंवा परभणीला जन्मलेलं बाळ घ्या. त्याचा पहिला डोस नोव्हेंबरच्या मध्याला येतो, दुसरा जानेवारीत. दोन्ही वेळा ते तुमच्या कार्यक्षेत्रातल्या माळावर आहे. आणि जे बाळ इथंच फेब्रुवारी-मार्चमध्ये खोपीत जन्मलं, त्याचा बूस्टर पुढच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतो, म्हणजे पुन्हा माळावर. लसीचं वेळापत्रक आणि गाळपाचा हंगाम असे एकमेकांवर बसलेत. पेंटाव्हॅलंटचं तेच. तिच्यात घटसर्प, डांग्या खोकला आणि ‘हिब’ या दुसऱ्या न्यूमोनियाकारक जिवाणूविरुद्धची लस असते, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. डांग्या खोकला तान्ह्या बाळाला होतो तेव्हा खोकल्याची ती ओळखीची ‘हूप’ येतेच असं नाही. बाळ नुसतं श्वास धरतं आणि निळं पडतं.

कार्ड नसलं म्हणून लस अडत नाही. मुलाला देशात कुठल्याही सरकारी केंद्रात लस घेता येते, आणि आता यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर मोबाईल नंबरवरून नोंद सापडू शकते. नोंद सापडलीच नाही तर आई-बापाला विचारून, वयाप्रमाणे राहिलेले डोस देता येतात. उशिरा दिलेली लस वाया जात नाही. नर्स माळावर यायला तयार असते. तिला फक्त कुठल्या माळावर, कुठल्या वेळी, किती मुलं एवढं हवं असतं. दिवसा गेली तर खोपीत मुलं आणि म्हाताऱ्या. आई-बाप फडात. म्हणून वेळही तुमच्या चिटबॉयनंच, फडात स्लिपा काढणाऱ्या तुमच्या माणसानंच, सांगायची.

आता मोठ्यांचं. टोळीतला खोकला कुणी मनावर घेत नाही. पाचटाची कुसळं, धूळ, काजळी, बिडी, तंबाखू. खोकायला कारणं काय कमी आहेत? त्याच कारणांच्या आड क्षयरोग हंगामभर लपून राहतो, आणि एका खोपीत सहा माणसं झोपतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, बेडक्यात रक्त, यांपैकी काहीही असलं तरी बेडका तपासायचा. बेडका म्हणजे थुंकी नव्हे. आमच्या लॅबवाल्याची ही कायमची कटकट: डबीत लाळ येते, आणि लाळेत जिवाणू सापडत नाही म्हणून अहवाल ‘निगेटिव्ह’. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून काढलेला, घट्ट, पिवळसर, तो खरा नमुना. उघड्यावर उभं राहून द्यायचा, खोपीत नाही. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर जिवाणूचा जनुकीय ठसा शोधतात. सीबीनॅटवर दोनेक तासांत कळतं की क्षयरोग आहे का, आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जिवाणू दाद देतो का तेही. तपासणी फुकट, औषधं फुकट, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना १००० रुपये खात्यात. लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात. त्यांच्यासाठी उपाशीपोटी पोटातलं पाणी काढून तपासावं लागतं, ते मोठ्या रुग्णालयाचं काम.

उपचार किमान सहा महिने, आणि हंगाम पाच-सहा महिन्यांचा. म्हणजे जानेवारीत सापडलेला रुग्ण औषध चालू असताना गावी जाणार. हे नक्की होणार असल्यानं आधीच तयारी ठेवता येते. क्षयरुग्णांच्या नोंदीच्या निक्षय पोर्टलवरचा त्याचा क्रमांक देशभर चालतो, इथून नाव तिकडच्या केंद्राकडे वर्ग होतं. फक्त टोळी कधी निघणार हे आठवडाभर आधी कळायला हवं. पट्टा कधी पडणार, म्हणजे गाळप कधी थांबणार, हे तुम्हाला कळतं, आम्हाला नाही.

मेडिकल दुकानांबद्दल बोलले तर आमचे काही मित्र रागावतील, पण बोलते. लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत आहे, १ मार्च २०१४ पासून. चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, विक्रीची वेगळी नोंदवही तीन वर्षं ठेवायची. तरी माळावरच्या माणसाच्या खिशात ती पट्टी सापडते. हे औषध क्षयरोगाच्या जिवाणूलाही थोडंफार लागू पडतं, म्हणून आठवडाभर बरं वाटतं, बेडक्यात जिवाणू कमी होतात, तपासणी चुकते आणि निदान महिनाभर लांबतं. तोवर खोपीतली बाकीची पाच माणसं तीच हवा घेत असतात. साध्या सर्दी-खोकल्यात, जो बहुतेक विषाणूंचा असतो, यातली एकही गोळी उपयोगाची नाही. दोष एकट्या दुकानदारावर ढकलून आम्हा डॉक्टरांना मोकळं होता येणार नाही. ‘सुई नाही दिली तर पेशंट पुढच्या दवाखान्यात जातो’ हे आमच्यात उघड बोललं जातं.

तुमच्या आवारातली एक गोष्ट इथंच सांगून टाकते, कारण ती न्यूमोनिया म्हणून खपते. बगॅसच्या, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडाच्या, यार्डात काम करणाऱ्याला संध्याकाळी थंडी-ताप, कोरडा खोकला, दम. दोन दिवस सुट्टी घेतली की बरा, कामावर गेला की पुन्हा. जुन्या, तापलेल्या बगॅसमध्ये उष्णता मानवणारा एक जिवाणू वाढतो. त्याच्या बीजाणूंची धूळ श्वासातून गेली की फुप्फुसाला अ‍ॅलर्जीची सूज येते. याला बगॅसोसिस म्हणतात आणि भारतात तो १९५५ मध्येच नोंदला गेला. हा संसर्ग नाही, अँटिबायोटिकनं जात नाही, आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर फुप्फुस कायमचं कडक होतं. बगॅसमध्ये २० टक्क्यांहून जास्त ओल राखणं आणि २ टक्के प्रोपिऑनिक अ‍ॅसिड फवारणं हे जुने, माहितीतले उपाय. कामगार अधिकाऱ्यांना विचारा, यार्डात मास्क मिळतो का, आणि मिळाला तरी कसला. तोंडाला बांधलेला गमछा ही धूळ अडवत नाही.

तर माझं मागणं. टोळी उतरल्यापासून तीन दिवसांत तिची माहिती जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या: माळ कुठला, मुकादमाचा नंबर, पाच वर्षांखालची मुलं किती, गरोदर बायका किती. करारात उचलीचे कलम असतं तसं एक कलम आजारपणाचंही घाला : मुलाला किंवा स्वतःला दवाखान्यात न्यावं लागलं तर त्या दिवसाचा खाडा धरायचा नाही, दवाखान्याची चिठ्ठी दाखवली की पुरे. यात पैसा जातो, हे मला कळतं. एका कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांनी मला तोंडावर सांगितलं की खोटे खाडे सुरू होतील. होतीलही काही. पण खोट्या आजारासाठी मूल कडेवर घेऊन पाच किलोमीटर चालत येणारी बाई माझ्या दवाखान्यात अजून आलेली नाही.

चिटबॉयला तासाभराचं शिक्षण द्या. तो रोज फडात जातो, मोबाईलवर स्लिप काढतो, पोरं त्याला ओळखतात. श्वास मोजायला आणि पोट उडतंय का बघायला त्याला मी शिकवीन, आमच्या भागातले दोन-तीन डॉक्टरही येतील. औषध त्यानं द्यायचं नाही, फक्त फोन करायचा. आणि उसाची गाडी भरण्यासाठी रात्री-अपरात्री तुमची जीप माळावर जातेच. आजारी मुलासाठी ती गेली तर डिझेल तेवढंच लागेल.

चुलीचंही बघा. पाच किलोचा छोटा गॅस सिलिंडर भाड्यानं किंवा उचलीत धरून टोळीला देता येईल का? सगळ्या खोपींना एकदम जमणार नाही. तान्ही बाळं असलेल्या खोपींपासून सुरू करा, तेवढ्यानंही पहाटेचा धूर कमी होईल. कोविडच्या पहिल्या लाटेत साखर कारखान्यांनी सॅनिटायझर बनवून दिलं होतं. मनावर घेतलं की कारखाना काय करू शकतो हे जिल्ह्यानं पाहिलंय, म्हणून तर मी आरोग्य खात्याऐवजी तुम्हाला लिहितेय. आरोग्य खात्याकडे लस आहे, नर्स आहे, सीबीनॅट आहे. रस्ता आणि पत्ता तुमच्याकडे आहे.

१२ नोव्हेंबरला जागतिक न्यूमोनिया दिन असतो. त्या दिवशी बॅनर लावून फोटो काढायचे असतील तर कृपया नको. त्याऐवजी त्या आठवड्यात तीन-चार मोठ्या माळांवर संध्याकाळी सहानंतर लसीकरण ठेवा, ट्रॅक्टरच्या हेडलाइटमध्येसुद्धा चालतं.

हा विषय संचालक मंडळाच्या बैठकीत ‘ऐनवेळच्या विषयां’त ढकलू नका. गाळप सुरू करतानाच्या मोळीपूजनाआधीची जी बैठक असेल तिच्यात स्वतंत्र विषय म्हणून घ्या, आणि शेती अधिकाऱ्यांना यादी द्यायचा लेखी आदेश त्याच दिवशी काढा. आदेशाची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवा. मला वेगळी पाठवायची गरज नाही, केंद्रातून मिळेल.

आपली,
शिरोळ तालुक्यातील एक डॉक्टर व ऊस उत्पादक सभासदाच्या घरातली सून